पाहुण्याचे सामान

मी एक जुनी, निळ्या कॅनव्हासची बॅग आहे. बाळाची बॅग. विश्रांतवाडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, दारामागच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. माझा एक पट्टा उसवला आहे आणि तळाशी सांडलेल्या दुधाचा वास काही केल्या जात नाही. मित्रांनो, माझ्या पोटात आजवर किती लंगोट, किती दुपटी आणि गरम पाण्याचे किती थर्मास जाऊन आले, ते मी सांगत बसणार नाही. मला सांगायचे आहे ते माझ्या संशयी स्वभावाबद्दल. त्या स्वभावापायी मी एका भल्या बाईला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळी झाले होते.

माझा जन्म कसबा पेठेतल्या एका अरुंद बोळात झाला. मेहबूबचाचा तिथे बॅगा शिवत. शिलाई घातली की ते ती दोन्ही हातांनी जोरात ओढून बघत. "शिलाईवर विश्वास ठेवायचा नाही," ते गिऱ्हाइकाला सांगत. "ओढून बघायचं. तुटायची असेल तर इथंच तुटू दे." मला त्यांनी इतके ओढले, इतके ताणले, की संशय माझ्या धाग्याधाग्यात मुरला. ऋतुजा मला घ्यायला आली तेव्हा तिला सातवा महिना होता. तिनेही माझी चेन सहा वेळा उघडली, सहा वेळा लावली. मला वाटले, चला, आपल्याच स्वभावाचे माणूस भेटले.

आमचे खरोखर जमले. तिची मुलगी मैथिली तान्ही असताना आम्ही गावोगाव हिंडलो. हॉटेलातले पाणी आम्हाला चालत नसे. बाळाचा गालगुच्चा घेणाऱ्या अनोळखी बायका आम्हाला खपत नसत. ऋतुजा थर्मासचे झाकण तीन तीनदा तपासायची आणि मी प्रत्येक परक्या हाताकडे डोळे वटारून बघायची. "काय नीटनेटकी बॅग आहे!" असे लोक म्हणत, तेव्हा मला अभिमान वाटे. पण मैथिली मोठी झाली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. दोन वर्षे मी जुन्या पंख्याशेजारी धूळ खात पडून होते. मला कोणी विचारले नाही.

मग माधव जन्मला. मला खाली उतरवून, धुऊन, गच्चीवर वाळवले गेले. पुन्हा चांगले दिवस आले. मैथिली आता साडेतीन वर्षांची होती. ती पाळण्यापासून दोन हात लांब उभी राही आणि बाळाकडे टक लावून बघे. मला तिचाही भरवसा वाटत नसे. ही बाळाच्या डोळ्यात बोट घालेल, अशी मला धास्ती होती. घालायची मात्र नाही. नुसती बघत राहायची.

ऋतुजाची रजा संपली आणि प्रेमलामावशी, सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे एक काम उरकून, दिवसभरासाठी आमच्याकडे येऊ लागल्या. कळस गावच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. दूध मनगटावर टाकून बघायच्या, मग बाटली स्वतःच्या गालाला लावायच्या आणि मगच बाळाला द्यायच्या. मुलांचे बाबा, इंद्रजीत, म्हणत, "ह्या आल्या आणि घर रुळावर आलं." मी मात्र त्यांचा हात आत आला की अंग चोरून घेत असे. नवा हात होता ना!

आणि मग वस्तू नाहीशा होऊ लागल्या.

पहिल्यांदा एक मोजा गेला. मोजे हरवतातच, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. मग खुळखुळा गेला. मग टोपडे. मग काळ्या मण्यांची एक मनगटी. ऋतुजा मला पलंगावर उपडी करायची, माझे सातही कप्पे चाचपायची, आणि तिच्या कपाळावरची आठी रोज थोडी खोल व्हायची. एका मंगळवारी दुपारी मी स्वतः पाहिले. प्रेमलामावशींनी आधी आतल्या खोलीकडे नजर टाकली, मग काहीतरी घडी करून आपल्या पिशवीत अगदी तळाशी सारले. माझी खात्रीच पटली. मला तोंड असते तर मी त्याच क्षणी ओरडले असते.

शनिवारी वाईला, ऋतुजाच्या माहेरी, माधवचे उष्टावण होते. मामा बाळाला पहिल्यांदा खीर भरवणार होता. त्यासाठी गुरुवारी संध्याकाळी ऋतुजा चांदीचे वाळे काढायला गेली. डबी होती. वाळे नव्हते.

ती बाहेर आली तेव्हा प्रेमलामावशी घरी जायला निघाल्या होत्या.

"मावशी, एक मिनिट. तुमची पिशवी जरा दाखवता?"

"कशापायी, ताई?"

"बाळाचे वाळे सापडत नाहीयेत. मी तुम्हाला काही म्हणत नाहीये. फक्त दाखवा."

मावशींनी खाली बसून पिशवी फरशीवर उलटी केली. जेवणाचा डबा, कंगवा, गोळ्यांची पट्टी, बसचा पास. आणि सगळ्यात शेवटी मैथिलीचा पिवळा फ्रॉक.

"ह्यो तुमचाच हाय," त्या म्हणाल्या. "हूक तुटलाय. पोरगी जागी असली की अंगावरनं काढू देत न्हाई, म्हणून निजल्यावर घेतला. लावायचा राहिला."

त्यांनी फ्रॉकची घडी घालून तो टेबलावर ठेवला. आपले सामान एकेक करून पिशवीत भरले. "उद्यापास्नं येत न्हाई," एवढे बोलून त्या जिना उतरून गेल्या.

तरीही माझा संशय गेला नाही. वाळे आधीच घरी नेले असतील, असे मी स्वतःला समजावले. ऋतुजाही तसेच समजावत असावी, कारण शेजारच्या निशाकडे तिने तेच बोलून दाखवले. निशाने घरी जाऊन सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले, 'तिसऱ्या मजल्यावर चांदी गेली आहे. कामाच्या बायकांकडे लक्ष ठेवा.' नाव तिने लिहिले नव्हते. पण आमच्या मजल्यावर येणारी बाई एकच होती.

शनिवारी सकाळी आम्ही गाडीने निघालो. माधव त्याच्या सीटमध्ये, मी खाली पायांशी, आणि मैथिली मांडीवर आपली लाल प्लेग्रुपची बॅग घट्ट धरून. "ती मागे ठेव ना," असे इंद्रजीतने दोनदा सांगितले. तिने दोन्ही वेळा मान हलवून नकार दिला. कात्रजचा बोगदा सुटल्यावर माधवने दूध ओकले. मग तो रडला, मग त्याचे बघून मैथिलीला शू लागली. दोन लहान मुले घेऊन निघाले की पुणे ते वाई हे अंतर तिप्पट होते, हे मी अनुभवाने सांगते. पण त्या सगळ्या गोंधळात माझे कान दुसरीकडे लागले होते. प्रत्येक स्पीडब्रेकरला त्या लाल बॅगेतून खुळ्ळ असा आवाज येत होता. तो आवाज मी ओळखत होते. तो माझ्याच डाव्या कप्प्यातला होता.

शिरवळला चहासाठी गाडी थांबली. इंद्रजीत मागच्या सीटवर बाळाचा लंगोट बदलू लागला. मैथिलीने खिडकीतून बाहेर पाहिले.

"आई, हॉस्पिटल आलं?"

"हॉस्पिटल कशाला? आपण मामाकडे चाललोय."

"मग बाळाला परत कधी द्यायचं?"

इंद्रजीतचा हात जागच्या जागी थांबला. "परत? कोणाला?"

"तूच म्हणालास ना, बाबा, छोटा पाहुणा आलाय. पाहुणे जातात. निशाकाकूकडचे गेले." तिने लाल बॅगेची चेन उघडली. "मी त्याचं सगळं सामान भरलंय. काही राहिलं तर तो तिकडे रडेल."

सीटवर एकेक वस्तू बाहेर आली. मोजा. खुळखुळा. टोपडे. मनगटी. रुमालात गुंडाळलेले वाळे. आणि तळाशी तिचा स्वतःचा कापडी ससा. त्याला हात लावला तरी ती घर डोक्यावर घ्यायची.

"हा कशाला गं?" ऋतुजाने ससा उचलून विचारले.

"तिकडे त्याला झोप नाही आली तर?"

मित्रांनो, इतके महिने मी ज्या मुलीकडे वाकड्या नजरेने बघत होते, ती त्या पाहुण्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी घेत होती. बॅग असून मला कळले नव्हते की ही बॅग भरते आहे.

ऋतुजाने मुलीला जवळ ओढले. "बाळ पाहुणा नाही. तो आपलाच आहे. तू गेलीस का कधी परत?"

मैथिलीने बराच विचार केला. "मग त्याला मोजा घाल," ती म्हणाली, आणि ससा लगेच परत घेतला.

इंद्रजीत हसला. ऋतुजा हसली नाही. तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. वाईला उष्टावण झाले, मामाने खीर भरवली, बाळाने ती मामाच्या शर्टावर उडवली. सगळे हसले. "वाळे सापडले एकदाचे," ऋतुजाने आईला सांगितले. कुठे सापडले आणि त्याआधी काय घडले, हे मात्र तिने सांगितले नाही. मला ते जाणवले.

सोमवारी तिने कामावर रजा टाकली. माधवला कडेवर, मैथिलीला हाताशी आणि मला खांद्यावर घेऊन ती कळसला गेली. प्रेमलामावशी दारात बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मैथिलीच्या हातात मेथीची एक काडी दिली. ऋतुजाला बसा म्हटले नाही.

"मावशी, माझं चुकलं. वाळे घरातच होते. मैथिलीने ठेवले होते. मला माफ करा."

"पोरीला बोलला न्हाई ना?"

"नाही."

"बरं केलंत." मावशींनी आणखी दोन काड्या निवडल्या. "दुसऱ्या मजल्यावरचं काम गेलं माजं. वॉचमननं फाटकातच इचारलं, काय घेतलंस म्हणून. आता तुमी माफी माझ्याजवळ मागताय. मला ठाऊकच हाय की मी घेतलं न्हाई. ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

ऋतुजा तिथेच पायरीवर बसली. तिने फोन काढला आणि ग्रुपवर लिहिले. लिहिलेले मोठ्याने वाचूनही दाखवले. 'वाळे माझ्याच घरात सापडले. प्रेमलाताईंवर मी पुरावा नसताना संशय घेतला. चूक पूर्णपणे माझी आहे. ऋतुजा, तिसरा मजला.'

"पुन्हा वाचा," मावशी म्हणाल्या. तिने पुन्हा वाचले. मग त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

"आता येणार ना?" ऋतुजाने विचारले.

"राग न्हाई, ताई. पर त्या घरात बसले की फरशीवर सांडलेलं माजं सामान मलाच दिसंल. येत न्हाई."

दुसऱ्या मजल्यावरचे काम त्यांना आठवडाभरात परत मिळाले. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या माधवला घेतात, मैथिलीच्या केसातली पिन सारखी करतात आणि दुसरा मजला आला की उतरतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या बॅगांना अधूनमधून ऊन दाखवा, त्यांचे टाके वेळच्या वेळी घाला. टाके खुशाल ओढून बघा, आम्हाला दुखत नाही. माणूस ओढून बघण्याआधी मात्र थांबा. घर धुंडाळा, पलंगाखाली वाका, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला विचारा. त्याला सहसा कोणी विचारत नाही.

आता आमच्याकडे नव्या मावशी येतात. सकाळी नऊला बेल वाजते. ऋतुजा दार उघडते, हसून त्यांना आत घेते. पूर्वी मी अशा वेळी आत येणाऱ्या हातांकडे बघत असे. हल्ली मी ऋतुजाच्या हातांकडे बघते, ते पुन्हा कुणाची पिशवी तर मागत नाहीत ना म्हणून.