तिसऱ्या भागाच्या पुढं

एका कोपऱ्यात वाळवीनं चाखलेला, पाठीला दोनदा शिवण पडलेला मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, इतरांचे अर्थ सांगण्यात माझा जन्म गेला, स्वतःविषयी बोलायला कुणी सांगितलं नाही. पण माझ्या आयुष्यात एक उन्हाळा असा आला, की तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. जुळाऱ्यांनी शिशाचे खिळे एकेक करून जुळवले, तेव्हा माझी पानं उमटली. तिथून आगगाडीनं मी औरंगाबादला आलो आणि शहागंजातल्या एका दुकानात उभा राहिलो. १९७२ साली वैजनाथ नावाच्या तरुण कारकुनानं मला विकत घेतलं. ते दुष्काळाचं साल होतं. कचेरीतून रोज इंग्रजीत अहवाल जायचे आणि वैजनाथराव ‘टंचाई’, ‘चारा’, ‘विहीर’ यांचे इंग्रजी शब्द बरोबर वापरले आहेत ना, हे माझ्याकडून तपासून घ्यायचे. “वैजनाथरावांच्या मसुद्यात खोडायला जागा नसते,” असं साहेब म्हणायचे. त्या शाबासकीत माझाही वाटा आहे, असं मला वाटे.

पुढं त्यांनी पुंडलिकनगरात घर बांधलं. तेव्हा गच्चीवरून ज्वारीची रानं दिसत. हळूहळू रानं गेली, घरं आली, घरांवर मजले चढले आणि बोअरची खोली वाढत गेली. वैजनाथराव निवृत्त झाले, काही वर्षांनी वारले. घरात संगणक आला, मग मोबाइल आला. मला कोण विचारतं? लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून मी दोन वर्षं काढली. हिंगाचा आणि मोहरीचा वास माझ्या पानांत मुरला. नंतर डुगडुगणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली मला सरकवलं, तेव्हा माझी पाठ मोडली. आता रद्दीच आपली वाट बघते आहे, अशी मी मनाची तयारी केली होती.

पण २०१६चा मार्च उजाडला. सलग दुसरं दुष्काळी साल होतं. नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं आणि टँकरचा भोंगा वाजला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची. आमच्या घरात त्याहून मोठी टंचाई होती, ती बोलण्याची. वैजनाथरावांची सून मृण्मयी आदल्या दिवाळीच्या तोंडावर आजारानं गेली होती. तिची तेरा वर्षांची मुलगी ओवी तेव्हापासून कुणाशी बोलत नव्हती. शाळेतून यायची, दार लावायची आणि रक्तपिपासूंच्या गोष्टीची तीन जाड इंग्रजी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत बसायची. पाच भागांची ती मालिका मायलेकींनी मिळून वाचायला घेतली होती. आई एकेक भाग आणायची. तिसऱ्यानंतर आईचं दवाखान्यात जाणं सुरू झालं.

एका दुपारी ओवीचे बाबा, श्रीरंग, आपल्या आईला म्हणाले, “आई, जूनमध्ये मी तिला नाशिकच्या शाळेत घालतो. तिथं वसतिगृह आहे, मुली आहेत. इथं ती आतल्या आत कुढते.”

कालिंदीबाई, म्हणजे वैजनाथरावांच्या पत्नी, गहू निवडत होत्या. वय सहासष्ट. शिक्षण मॅट्रिक, तेही मराठी शाळेत. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

“जूनपर्यंत मला वेळ दे.”

“तू काय करणार?”

“तिची पुस्तकं वाचते. त्यांत काय आहे ते तरी कळू दे.”

श्रीरंग खिन्न हसले. “आई, ती इंग्रजी आहेत. एकेक तीनशे पानांचं आहे.”

“असू देत. तुझ्या बाबांचा शब्दकोश आहे ना घरात.”

मित्रांनो, ते ऐकून मशीनच्या पायाखाली माझ्या अंगावर काय काटा आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून त्या शहागंजला गेल्या. तिथं मोतीराम नावाचा गृहस्थ जुनी पुस्तकं विकायचा आणि बांधणीही करायचा. त्यानं माझी पाठ दोऱ्यानं शिवली, नवा पुठ्ठा चढवला. मग कालिंदीबाईंनी मालिकेचं नाव कागदावर लिहिलेलं पुढं केलं. मोतीराम कागदाकडं आणि त्यांच्या नऊवारीकडं आळीपाळीनं बघू लागला.

“मावशी, हे भुताचे पुस्तकं हायत. नातीला पाह्यजेत का?”

“मला हवीत.”

“तुम्ही वाचणार? लई भारी इंग्रजी हाय बरं.”

“भारी असलं तर दोनदा वाचीन. पाचही भाग आहेत ना?”

“हायत. पर सुटे देत नाय, घ्यायचे तर सगळे घ्या.”

त्यांनी सगळे घेतले. नातीच्या पुस्तकांना हात लावायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

पहिल्या पानाला दोन दुपारी लागल्या. त्या एका पानासाठी त्यांनी मला त्रेचाळीस वेळा उघडलं. व्हॅम्पायर या शब्दापुढं माझ्यात लिहिलं आहे, ‘रक्त शोषणारे पिशाच, एक जातीचे वटवाघूळ’. त्यांनी दुसरा अर्थ धरला आणि चार पानं त्यांचा समज असा, की नायिकेच्या वर्गात एक वटवाघूळ शिकायला येतं. चूक कळल्यावर त्या स्वतःशीच हसल्या आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

घरकामाला येणाऱ्या दगडाबाई हे बघत असायच्या. त्या लासूर स्टेशनकडच्या. पाणी नाही म्हणून त्यांचे यजमान मुंजाबा मेंढरं घेऊन पैठणच्या अंगाला गेले होते आणि दगडाबाई शहरात भाचीकडं राहून चार घरची कामं करत होत्या.

“काकू, दुपारच्याला पडायचं सोडून काय वाचायलात?”

“रक्त पिणाऱ्या माणसांची गोष्ट आहे, दगडाबाई.”

“आगं बया! इथं प्यायला पाणी नाय आन् ते रगत प्यायलेत?”

“बोलावल्याशिवाय मात्र कुणाच्या घरात शिरत नाहीत. तसा त्यांना नियमच आहे.”

“मंग आमच्या पाव्हण्यापरीस बरे की!”

तेव्हापासून भांडी घासून झाली की दगडाबाई उंबऱ्याशी बसायच्या आणि कालिंदीबाई त्यांना वाचलेलं मराठीत सांगायच्या. सांगता सांगता त्यांना स्वतःलाही गोष्ट नीट उमगायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी ओवीनं आजीच्या हातात पहिला भाग पाहिला. ती ताडकन पुढं आली. “माझं पुस्तक का घेतलंस?”

“हे माझं आहे. तुझं तुझ्या कपाटात आहे, बघ.”

ओवी आत जाऊन बघून आली. दारात क्षणभर उभी राहिली आणि परत गेली. कालिंदीबाईंनी तिला थांबवलं नाही. त्यांनी मला पुन्हा उघडलं.

असं रोज चाललं. घामानं त्यांचा अंगठा माझ्या पानांना चिकटायचा. पंखा बंद पडला तरी वाचन बंद पडत नसे. टँकरच्या रांगेत घागर ठेवून त्या शेजारच्या पायरीवर पुस्तकाला आणि मला घेऊन बसायच्या. गल्लीतल्या बायका हसायच्या. पहिला भाग संपायला साडेतीन आठवडे लागले. दुसरा दोन आठवड्यांत झाला.

एके दिवशी त्या दगडाबाईंना नायिकेचं सांगत होत्या, “मग ही ब्रिओनी काय करते...”

“ब्रायनी,” मागून आवाज आला. “ब्रिओनी नाही, ब्रायनी म्हणायचं.”

ओवी पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

“बरं झालं सांगितलंस,” कालिंदीबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि हा शब्द बघ, अनडेड. शब्दकोशात सापडत नाही.”

मला फार ओशाळं वाटलं. खरंच, तो शब्द माझ्याकडं नव्हता. कालिंदीबाईंनी शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच लिहून ठेवलं होतं, ‘न मेलेला’. ओवीनं ते वाचलं, पेन मागितलं, ते खोडलं आणि खाली लिहिलं, ‘मेलेला, पण न गेलेला’. मग ती आपल्या खोलीत निघून गेली. कालिंदीबाई त्या अक्षरांकडं किती तरी वेळ बघत राहिल्या.

तिसरा भाग वाचला आणि त्यांना सगळा उलगडा झाला. त्यात ब्रायनीची आई रक्तपिपासू होते. अखेरच्या पानावर ती घराच्या दारात उभी राहून विचारते, “मी आत येऊ?” मुलगी हो म्हणाली तर आई घरात येईल, पण ती आता पूर्वीची आई नाही. तिथंच भाग संपतो. ओवी सहा महिने त्या दारात उभी होती. चौथा भाग तिनं कुणाकडं मागितलाही नव्हता.

कालिंदीबाईंनी चौथा भाग एका दमात वाचला म्हटलं तरी चालेल. आता त्या मला पानागणिक दोन-तीनदाच विचारत. शेवटाकडं त्यांनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा वाचायला घेतलं.

मे महिना अर्धा सरला होता. ओवी आजीसमोर येऊन बसली. पाय पोटाशी घेतलेले, नजर जमिनीवर.

“आजी, तुझा चौथा भाग झाला?”

“झाला.”

“ती आत येते?”

“नाही. ब्रायनी तिला नाही म्हणते.”

ओवीनं विचारलं, “मरते का तिची आई?”

कालिंदीबाईंचा हात माझ्यावर होता. गोष्ट सांगून टाकली तर मजा जाते, तूच वाच, असं म्हणून त्यांना सुटता आलं असतं.

“हो बाळा. मरते.”

ओवीनं मान वर केली. “तू खरं सांगितलंस.”

“हो.”

“मला सगळ्यांनी सांगितलं होतं, आई दिवाळीला घरी येणार. बाबांनी. डॉक्टरकाकांनी. मी कंदील पण करून ठेवला होता.” तिचा आवाज चिरकला. “तुम्हाला माहीत होतं ना? सगळ्यांना माहीत होतं!”

“माहीत होतं,” कालिंदीबाई म्हणाल्या. “मीही तुला खोटं सांगितलं. तुझ्याच्यानं सोसवणार नाही असं वाटलं. चुकलेच मी. तुला तिचा निरोप घ्यायचा होता आणि आम्ही तो घेऊ दिला नाही.”

मग ओवी रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं, हुंदके देऊन. कालिंदीबाईंनी तिला जवळ घेतलं. “रडू नको” असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. दगडाबाई आतून तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि तो ओवीजवळ ठेवून भिंतीला टेकून बसल्या.

“आमची माय गेली तवा मी मेंढरामागं होते,” त्या म्हणाल्या. “तीन दिसानं कळलं. आजूक सल हाय बघ, पोरी.”

दुसऱ्या दिवसापासून चौथा भाग दोघींनी मिळून वाचायला घेतला. ओवी मोठ्यानं वाचायची, अडलं की आजी मला उघडायची, दगडाबाई मधूनच ब्रायनीला सल्ले द्यायच्या. “दार लावून घे गं, येडे!” असं त्या ओरडल्या की ओवीला हसू यायचं. त्या घरात पुन्हा हसू ऐकू आलं आणि माझ्या पिवळ्या पानांनाही बरं वाटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात श्रीरंग वसतिगृहाचा अर्ज घेऊन आले. ओवीनं तो वाचला आणि घडी घालून परत दिला.

“बाबा, मी जाणार नाही. मी इथंच राहणार आहे. पण एक काम करा. आम्ही एका पानाशी अडलोय. ते मला वाचवत नाही, आजीलाही मोठ्यानं वाचवत नाही. तुम्ही वाचा.”

ते पान ब्रायनीच्या आईच्या मरणाचं होतं. बायको गेल्यापासून श्रीरंगनी तिचं नावही घरात उच्चारलं नव्हतं. ते उभ्यानंच वाचू लागले. तिसऱ्या ओळीला थांबले, खाली बसले, पुन्हा सुरू केलं. पान संपवूनच त्यांनी पुस्तक मिटलं. मग लेकीला म्हणाले, “मृण्मयीला हे आवडलं असतं.” आणि अर्ज त्यांनी बॅगेत घातला, तो पुन्हा काढला नाही.

पाचवा भाग तिघांनी मिळून वाचला. शेवट कसा आहे, ते मी सांगणार नाही. तुम्ही वाचा.

मित्रांनो, त्यानंतर शहर वाढतच गेलं, नावही बदललं. ओवी आता पुण्याला शिकते. जाताना तिनं पुस्तकांचे दोन्ही संच काढले. आईनं आणलेले तीन भाग स्वतःजवळ ठेवले आणि आजीचे पाचही भाग, माझ्यासकट, दगडाबाईंच्या नातीला, सृष्टीला, दिले. मी आता लासूर स्टेशनला राहतो. सृष्टी आठवीत आहे. इंग्रजीत तिला कमी गुण पडतात, पण तिनं पहिला भाग पन्नास पानं पुढं नेलाय आणि सोडणार नाही म्हणते. कालिंदीबाई फोन करून दर रविवारी तिची पानं विचारतात.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी बरणीखाली, मशीनखाली पडला असेल. त्याला बाहेर काढा, धूळ झटका, पाठ मोडली असेल तर शिवून घ्या. पानं ओल्या बोटानं उलटू नका. आणि एक विनंती मोठ्यांना. कुणा लेकरानं तुम्हाला एखाद्या अवघड शब्दाचा अर्थ विचारला, तर जवळ बसवून त्याला तो खरा सांगा. मरण हा शब्द माझ्या ‘डी’च्या पानावर आहे. आजवर किती तरी मुलांनी तो माझ्यासारख्यांत शोधला. खरं तर त्यांना तो तुमच्या तोंडून ऐकायचा होता.