महारुद्राच्या नावाचे दोन पहारे

पेडगावच्या सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला लागत नाही. दर दोन तासांनी पहारेकरी बदलतो. नवा येतो, जुन्याच्या पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो आणि उभ्यानं रामकृष्णहरी म्हणत राहतो. मधेच घर पेटलं तरी ती खाली ठेवायची नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच जायचं.

चौथ्या दिवशी दुपारी बाराचा पहारा भागवत मिस्त्रीचा होता. दीडच्या सुमारास त्याची बायको राजेश्री मोबाइल घेऊन मंडपात आली. त्याच्या मित्राचा, महारुद्राचा फोन होता, स्वित्झर्लंडमधून. घाटात गाडी बंद पडली होती.

भागवतानं नुसती मान हलवली आणि वीणेकडे बोट दाखवलं. पण त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. या फोनची तो बावीस दिवस वाट बघत होता.

ती गाडी त्यानं बनवली होती. महारुद्राची जुनी जीप घेऊन दोन वर्षं मानवत रोडवरच्या शेडमध्ये तो तिच्यात शिरलेला असायचा. छप्पर वर उचलणारं केलं, आत झोपायला फळी, शेगडी, भांडी धुवायचा नळ, थंडीसाठी इंजिनाची गरम हवा आत घेणारी नळी. महारुद्रानं पहिल्याच दिवशी शब्द दिला होता की युरोपात दोघं मिळून जायचं, एकानं गाडी चालवायची, एकानं सांभाळायची. भागवतानं पासपोर्ट काढला. चौकशीला हवालदार घरी आला, तर राजेश्रीनं त्याला शिरा खाऊ घातला. साऱ्या गावाला कळलं, मिस्त्री विलायतेला चाललाय.

आणि एक दिवस मोबाइलवर व्हिडिओत दिसलं, महारुद्र आणि त्याचा मेहुणा कुठल्याशा बंदरावर गाडीपुढं उभे. व्हिडिओखाली हजारो लोक विचारत होते, गाडी कुणी केली? महारुद्र हसून म्हणाला, स्वतःच्या हातानं. डॅशबोर्डखाली भागवतानं आपल्या नावाची पितळी पट्टी बसवली होती. तिच्यावर आता महारुद्राच्या नावाचं स्टिकर होतं.

भागवतानं महारुद्राला फोनही केला नाही. त्या पट्टीमागं त्यानं चोरांच्या धाकानं डिझेल तोडायचं बटण लपवलं होतं. आपण सोबत असणारच, म्हणून सांगितलं नव्हतं. पट्टीचा स्क्रू दर आठवड्याला आवळावा लागे, नाहीतर धक्क्यानं पट्टी सरकून बटण दाबलं जाई. स्क्रू ढिला व्हायला किती दिवस लागतील, एवढाच हिशेब तो रोज करायचा, सप्ताह बसल्यावर कीर्तनातसुद्धा.

दोन वाजता किशनराव आले. सत्तरीचे, गावातले जुने टाळकरी. पाया पडून त्यांनी हात पुढं केले.

"तुमचाबी मीच करतो, मामा," भागवत म्हणाला. "तुमचे गुडघे दुखायलेत."

बायाबापड्यांनी कौतुकानं हात जोडले. मिस्त्रीची भक्ती लय मोठी, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

फोन येत राहिले. राजेश्री ऐकून येऊन सांगायची. तिथला मेकॅनिक बॉनेट उघडून बघून गेला, त्याला त्या वायरी कळल्या नाहीत. पोलीस आले, रस्ता मोकळा करा म्हणाले. बर्फ पडायलाय. मेहुणा भांडायलाय. भागवत रामकृष्णहरी म्हणत होता आणि प्रत्येक बातमीला त्याचा सूर थोडा वर चढत होता.

साडेतीनला राजेश्री म्हणाली, "अहो, क्रेन आली. उचलून नेऊन मोडीत घालत्यात म्हणं."

तेव्हा त्यानं मानेनं खुणावलं. तिनं फोन त्याच्या कानाशी धरला. महारुद्र रडकुंडीला आला होता.

"भावा, माझं चुकलं. पाया पडतो तुझ्या."

"मला सांगू नको. मेहुण्याला त्याच्या मोबाइलवर लाइव्ह करायला लाव. सगळ्यांना दिसू दे."

मंडपातल्या पाच-सहा मोबाइलवर बर्फातली गाडी दिसू लागली.

"डॅशबोर्डखाली तुझं नाव हाय ना? खरवड ते."

महारुद्रानं गारठलेल्या नखांनी स्टिकर सोललं. खालून पितळ निघालं.

"वाच. मोठ्यानं."

"भागवत मिस्त्री, पेडगाव," महारुद्र वाचू लागला, मग थांबला. सगळं जग बघत होतं. "ही गाडी यानं केली. मी न्हाई."

"आता पट्टी सरळ कर. मागचं बटण वर वढ. स्क्रू आवळ."

इंजिन धडधडलं. मंडपात टाळ्या वाजल्या. भागवताला वाटलं होतं, छाती भरून येईल. आलीही, पण क्षणभरच.

चारचा पहारा तरी आपण करावा म्हणून किशनराव पुन्हा आले. त्यांनी सगळं बघितलं होतं. पाया पडून हात पुढं केले. भागवतानं वीणा काढायला हात नेला आणि तसाच थांबला. पाय सुजले होते, खांद्याला दोरीचा वळ उठला होता.

"मामा, आजून दोन तास असू द्या," तो हळू म्हणाला. "हे दोन्ही पहारे महारुद्राच्या नावाचे गेले. देवाचा एकबी झाला न्हाई."

किशनरावांनी हात मागं घेतले. मग टाळ घेऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

राजेश्रीनं फोन बंद केला.