चार दिव्यांपुरता वारा

जगदेवराव भापकरांनी संस्थानच्या फौजेत बावीस वर्षं पूल बांधले. त्यांतले बरेचसे सरावासाठी असल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते मोडले. संस्थानची फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली तेव्हा वय झालं म्हणून त्यांना घरी पाठवण्यात आलं. तेव्हापासून ते ग्वाल्हेरच्या नई सडकेवरच्या एका लाकडाच्या वखारीत मोजमापाचं काम करत आणि संध्याकाळी घरी येऊन कोणाचं तरी मोडलेलं काहीतरी दुरुस्त करत. मोडलेलं मिळालं नाही तर घरातलं चांगलं खोलून बसत. त्यांच्या पत्नी विजयाबाईंचं शिवणयंत्र त्यांनी असं तीनदा खोललं होतं. विजयाबाईंनी मग ते माहेरी नेऊन ठेवलं.

नया बाजाराच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी या जुन्या शिपायांची तीसेक घरं होती. बाजारात वीज होती, वस्तीत नव्हती. विजेसाठी पहिला अर्ज रियासतीच्या काळात गेला आणि रियासतच गेली. दुसरा मध्यभारत सरकारकडे गेला. या सरकारची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे, त्यामुळे फाइलही दरवर्षी हवापालट करून येई. छप्पन सालच्या पावसाळ्यात कळलं, की आता मध्यभारतही राहत नाही. एक नोव्हेंबरपासून मध्यप्रदेश, आणि राजधानी भोपाळ.

ही बातमी वस्तीत आणली शालिनीताईंनी. त्या खासगी बाजार नावाच्या पेठेत राहत, दिवसा शाळेत शिकवत आणि संध्याकाळी वस्तीतल्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत. वर्ग पंचायतीच्या खोलीत एका कंदिलावर चाले. अठरा बायका आणि एक कंदील, म्हणजे पुढच्या चौघींना अक्षरं दिसत आणि बाकीच्या त्या चौघींच्या पाठी वाचत.

"माझा भाऊ सेक्रेटरिएटमध्ये आहे," शालिनीताई म्हणाल्या. "तो म्हणतो, फाइल भोपाळला गेली की नव्यानं नंबर लागेल. दोन-तीन वर्षं धरून चाला."

पंचायतीचे प्रमुख उमाजी, फौजेत बिगूल वाजवणारे. ते म्हणाले, "मग अजून एक कंदील आणू."

जगदेवराव कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "टेकडीवर वारा आहे."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. वारा आहे हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

"फौजेच्या जुन्या लॉऱ्यांचा डायनॅमो कबाडात मिळतो," जगदेवराव म्हणाले. "त्याला पंखा लावायचा, उंचावर ठेवायचा. तो फिरेल, बॅटरी भरेल. चार दिवे जळतील. लॉरीचेच."

"लॉरी नको का?" उमाजींनी विचारलं.

"लॉरी नको."

पुढचे दोन महिने वस्तीत कोणाच्याही घरातलं लोखंड सुरक्षित राहिलं नाही. कोणी पलंगाच्या पट्ट्या दिल्या, कोणी मोडक्या फाटकाचे गज. उमाजींचा पवनचक्कीवर विश्वास नव्हता, पण इतरांनी दिलं आणि आपण नाही असं होऊ नये म्हणून त्यांनी गच्चीचा लोखंडी जिना दिला आणि गच्चीवर जायचं सोडलं. पात्यांसाठी सागाच्या तीन फळ्या वखारीतून आल्या. जगदेवराव रोज संध्याकाळी अंगणात बसून त्या तासत. पातं एका बोटावर तोलून धरत, मान हलवत, पुन्हा तासत. विजयाबाई पंधरा दिवस गप्प होत्या. सोळाव्या दिवशी त्यांनी पातं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हे छान झालंय हं." आनंदाने जगदेवरावांना त्या रात्री नीट जेवण गेलं नाही.

अडचण जागेची होती. टेकडी कोणाची हे कोणत्याच दफ्तराला नक्की ठाऊक नव्हतं. शालिनीताईंचा भाऊ लक्ष्मीकांत याने आपल्या साहेबांपुढे परवानगीचा कागद ठेवला. दफ्तरात तेव्हा भोपाळला न्यायला खुर्च्यासुद्धा सुतळीने बांधल्या जात होत्या. हा कागद कोणत्या सदराखाली घालायचा ते कळेना म्हणून साहेबांनी विचारलं, "ये हवाचक्की किस मद में आती है?" लक्ष्मीकांत म्हणाला, "साहेब, मद भोपाळमध्ये ठरेल. सही इथे होईल." तीस ऑक्टोबरला सही झाली. त्यानंतर शाईची दौत पेटीत गेली.

एकतीस तारखेला वस्तीतल्या सगळ्या पुरुषांनी दोर ओढून मनोरा उभा केला. जगदेवराव खालून हुकूम देत होते, तेच जुने, फौजेतले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका चढलेला कोणी ऐकला नव्हता. मनोरा सरळ उभा राहिला. मग सगळे वर बघत थांबले.

वारा नव्हता.

नोव्हेंबरभर नव्हता. डिसेंबरात धुकं होतं. बायका न पेटलेल्या चार दिव्यांखाली कंदील ठेवून वाचत. उमाजी रोज सकाळी गच्चीकडे एकदा आणि टेकडीकडे एकदा बघत.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी पाती हलली. संध्याकाळपर्यंत ती दिसेनाशी झाली इतकी फिरत होती. वर्गात चार दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतल्या मंदाताईंनी पहिल्यांदा फळा पूर्ण पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, तो 'क' होता होय? मी तीन महिने 'फ' काढतेय."

फेब्रुवारीत भोपाळहून पत्र आलं. वस्तीचा अर्ज सापडला होता. 'वीज नसलेल्या वस्त्यां'च्या यादीत नाव घालण्यासाठी वीजखात्याचा ओव्हरसियर पाहणीला येणार होता. भोपाळहून रजेवर आलेला लक्ष्मीकांत सायकल मारत आला. "पवनचक्की दिसली तर तो लिहील, यांच्याकडे वीज आहे. मग नाव कटलंच समजा."

पंचायत बसली. चक्की उतरवायची नाही, पण पाती बांधून ठेवायची आणि ती बिघडली आहे असं सांगायचं, असं ठरलं.

"कोण सांगणार?" जगदेवरावांनी विचारलं.

"तुम्हीच," उमाजी म्हणाले. "बनवली तुम्ही."

ठरल्या दिवशी जगदेवरावांनी वर चढून स्वतः पाती दोराने बांधली. वारा जोराचा होता. बांधलेली पाती थरथरत होती. ते थोडा वेळ तिथेच पात्यावर हात ठेवून राहिले, मग उतरले.

ओव्हरसियर सागर जिल्ह्यातला तरुण मुलगा निघाला. त्याने घरं मोजली, खांब कुठून येतील ते पाहिलं. मग टेकडीकडे बघून विचारलं, "ये क्या है?"

"खराब पडी है," जगदेवराव म्हणाले.

तो मनोऱ्यापाशी गेला. लोखंडाचे सांधे हाताने चाचपले. वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "ब्लेड किसने काटे? ये घुमाव हाथ से दिया है?"

"हाथ से," जगदेवराव म्हणाले.

"कमाल है. मैंने ऐसी चीज सिर्फ किताब में देखी है. पर चली नहीं होगी, है ना? हाथ के काम में बॅलन्स नहीं आता."

उमाजी खोकले. शालिनीताईंनी मान खाली घातली. जगदेवराव सरळ मनोऱ्यावर चढू लागले. दोर सुटला. पाती एकदा कचरली आणि मग अशी फिरली की खाली धूळ उठली. भर दुपारी पंचायतीच्या खोलीत चार दिवे लागले.

तरुण टाळ्या वाजवत होता. वस्तीतलं कोणीही वाजवत नव्हतं.

त्याने वहीत मन लावून लिहिलं: वस्तीने स्वतःची वीज निर्माण केली आहे, अनुकरणीय. महिन्याभरात पत्र आलं, की अर्ज निकाली काढला आहे.

पाच दिवस जगदेवरावांशी कोणी बोललं नाही. वखारीतून ते थेट घरी येत, अंगणात रिकाम्या हातांनी बसत. विजयाबाईंनी एकदाच विचारलं, "खोटं बोलायचं होतं ना ठरलेलं?"

"बोललो की. पहिल्यांदा बोललो." मग म्हणाले, "तो बॅलन्स नाही म्हणाला."

सहाव्या दिवशी संध्याकाळी उमाजी दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"शामलाची मॅट्रिकची परीक्षा आहे," ते म्हणाले. शामला त्यांची मुलगी. "एक तार आमच्या घरापर्यंत येईल का?"

"नाही. बॅटरी चारच दिवे ओढते."

"ठीक." उमाजी वळले, मग थांबले. "दुसरी करायला किती दिवस लागतील?"

"लोखंड लागेल."

उमाजींनी वळून आपल्या गच्चीकडे पाहिलं. "गच्चीचा कठडा आहे," ते म्हणाले. "तसंही वर आता कोण जातंय."

जगदेवरावांनी त्यांना बसायला पाट दिला आणि रंधा शोधायला आत गेले.