तक्रार क्रमांक सत्तेचाळीस

"खाली नाव घाल," आबा म्हणाले. "पुरं नाव. बापाच्या नावासकट."

किशोरीचे हात लॅपटॉपवर थांबले. "आबा, हा अर्ज नाही, ई-मेल आहे. नाव नसलं तरी चालतं."

"बिननावाचा अर्ज म्हंजी काय गो? भिंतीमागनं दगड मारल्यासारका. आमी काय चोर हाव?"

दारात हौसा जिताडा कापत बसली होती. कोयत्याच्या एका घावात तिने माशाचं डोकं वेगळं केलं. "घाला नाव. गेल्या मयन्यात रेतीवाल्यांनी होडीच्या बुडाला भोक पाडलं, पुढच्या मयन्यात तुमच्या डोक्याला पाडतील."

"नाव कोणाला कळणार नाही, आये," किशोरी म्हणाली. "तो प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

हे ती थोड्या तोऱ्यातच म्हणाली. पनवेलच्या स्टँडामागे सहा माणसांची एक कंपनी होती, तिथे किशोरी तीन वर्षं काम करत होती. खाडीतली रेती मोठमोठ्या पंपांनी उपसली जायची आणि कोळ्यांची जाळी त्या पंपांत ओढली जाऊन चिंध्या व्हायच्या. त्यावरून डोकी फुटायला लागली, तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं घेऊन एक समन्वय मंडळ निघालं. मंडळाच्या पत्त्यावर तक्रारीची मेल आली, की सर्व्हर ती सरळ किशोरीच्या स्क्रिप्टच्या, म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या, हाती द्यायचा. स्क्रिप्ट मजकूर वाचायची, त्यातून गावाचं नाव हुडकायची, क्रमांक टाकायची, तक्रारदाराला पोच धाडायची आणि त्या पट्ट्यातल्या रेतीच्या ठेकेदाराला खुलाशासाठी एक प्रत. मध्ये माणसाचा हात कुठेच नाही. तक्रारदाराचं नाव ठेकेदाराला कळता कामा नये, ही मंडळाची अट. म्हणून स्क्रिप्ट आधी पाठवणाऱ्याचा पत्ता काढून टाकायची. मजकुराच्या शेवटी, मेलमधल्या सहीच्या वर असतात तशा दोन आडव्या रेघा दिसल्या, की ती खालची सहीसुद्धा कापायची.

आबांनी सांगितलं तसं किशोरीने टाइप केलं. कुठल्या वळणावर पंप लागतात, कधी लागतात, कोणाच्या होड्या. शेवटी हसत हसत तेही टाकलं: आपला विश्वासू, बळीराम धर्मा नाखवा, कोळीवाडा. आणि मेल पाठवली.

आबांनी चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत पोच आली. तक्रार क्रमांक ४७.

"एवढ्यान सायबानं वाचलं पन?"

"साहेब नाही वाचत, आबा. मशीन वाचतं."

"मशीन चांगलं. उद्या या, परवा या बोलत नाय." मग जरा वेळाने, तुटक्या जाळ्यात सुई घालता घालता त्यांनी विचारलं, "मना सांग, हे मशीन माजं नाव कुनाला सांगंल का?"

"नाही सांगणार."

"मंग झालं," आबा म्हणाले. रविवार होता. दुपारी तिघांनी जिताड्याचं कालवण खाल्लं आणि डोकं कोणी खायचं यावरून नवरा-बायकोचं नेहमीसारखं वाजलं.

मंगळवारी ओहोटीच्या वेळी, भर दुपारी, आबा धक्क्यावर जाळं धूत असताना चौघं आले. सोडे सुकत घालणाऱ्या बायकांनी सगळं पाहिलं आणि नंतर पोलिसांना सांगितलं. चौघांनी आबांच्याच होडीतलं वल्हं उचललं. पहिला घाव गुडघ्यावर बसला. आबा चिखलात पडले, कोपरांवर उठायला लागले, तसा दुसरा पाठीवर. चौघांत जगन होता. शेजारच्या भामाचा मुलगा, वर्षभर रेतीच्या होडीवर कामाला. आबा त्याला म्हणाले, "जगन्या, तुला जालं विनाला मी शिकवलं रं." त्यावर जगनने त्याच जाळ्याचा पीळ त्यांच्या गळ्याभोवती घातला. मग वल्हं डोक्यावर पडत राहिलं. वल्हं मोडलं, तेव्हा अर्ध्या तुकड्याने मारत राहिले. जाताना एकाने खिशातून कागद काढला, चुरगाळला आणि आबांच्या तोंडात कोंबला. "घे. आता कर तक्रार."

फोन आला तेव्हा किशोरी ऑफिसात होती. शेजारच्या टेबलावरच्या अदीबने तिला बाइकवर घालून दवाखान्यात नेलं. तोवर आबा गेले होते. आबांचा चेहरा आबांचा राहिला नव्हता. एक डोळा आत गेला होता, कानातून चिखल आणि रक्त एकत्र येत होतं. उजव्या हाताची बोटं अजून सुई धरल्यासारखी होती.

हवालदाराने एक ओला बोळा पसरून तिच्यासमोर धरला. "तोंडात होता. हे काय आहे, ओळखता?"

शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं. वर तक्रार क्रमांक ४७. खाली आपला विश्वासू आणि पुरं नाव, बापाच्या नावासकट. नावाच्या वर आडव्या रेघा नव्हत्या. आबांनी आयुष्यभर अर्ज लिहिले होते, अर्जात तसल्या रेघा नसतात. स्क्रिप्टला कापायला काही सापडलं नव्हतं. सर्वांत शेवटी एक ओळ होती: ही मेल संगणकाने आपोआप पाठवली आहे, कृपया उत्तर देऊ नये. ती ओळ किशोरीने लिहिली होती. 'कृपया' घालावं की नाही यावर पाच मिनिटं विचार करून.

"नाही," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती ऑफिसात गेली आणि सर्व्हरवरची नोंद उघडली. मेल आली नऊ बेचाळीसला. ठेकेदाराकडे गेली नऊ बेचाळीसला. आबा पोच बघून नवल करत होते तेव्हा ती पोचलेली होती.

अदीब मागे उभा होता. त्याने स्क्रीनवरचं वाचलं आणि हळूच खुर्ची ओढून बसला. "स्क्रिप्ट बंद करतो मी. पण किशोरी, घरी सांग. खुदा के वास्ते. हे पोटात ठेवून तू जगणार कशी?"

किशोरीने नोंद बंद केली आणि पिशवी उचलली.

घरी हौसाला आपला गुन्हेगार सापडला होता. जगन कोठडीत होता, त्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. "त्यानं मारलं, पन त्याला नाव कुनी दिलं?" ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. "मंडळ बोलतं नाव गुपित ठेवलंन. मंग? त्या दिशी ही भामा भिंतीला कान लावून बसली व्हती." तिने भामाच्या दारावर दगड मारले. भामाची सुकत घातलेली मासळी चिखलात लाथाडली. आळीतल्या बायकांनी भामाला नळावरून हाकललं, एकीने तिच्या डोक्यात कळशी घातली. किशोरी रोज घरात बसून ऐकत होती.

आबांचं दिवसकार्य झालं आणि हौसा बाजारात पुन्हा कोयता घेऊन बसली. त्याच दिवशी भामाही पाटी घेऊन आली. घरात खायला नसावं. तिला बघताच हौसा उठली. किशोरी डबा घेऊन बाजाराच्या तोंडाशी पोचली, तोवर तिच्या आईने भामाचे केस धरून तिचं तोंड दगडी ओट्यावर आपटलं होतं. एकदा, दोनदा. ओट्यावरचं पाणी लाल झालं. बायका ओरडत होत्या, पण कोणी पुढे होईना.

भामाने हात वर केले नव्हते. ओठ फाटला होता, दात हलत होते. "मार. माज्या लेकानं तुजा कुंकू पुसलाय, मना मार. पन नाव मी नाय दिलं, हौसा. माज्या मेलेल्या मालकाची आन."

"खोटी!" हौसाने कोयता उचलला.

किशोरीने डबा टाकला आणि धावत जाऊन पातं मुठीत धरलं. पातं तळव्यात रुतलं. हौसाने हिसका दिला तसं ते आणखी आत गेलं, आणि रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

"सोड, किशे! हात जाईल तुजा! सोड!"

किशोरीने सोडलं नाही. रविवारी ती मेल पाठवणारी हीच बोटं होती. सगळा बाजार बघत होता. भामा ओट्यावर डोकं तसंच ठेवून, डोळे मिटून, घावाची वाट बघत होती.

"आये, काकीनं नाय," किशोरी म्हणाली. "मी. आबांचं नाव मी दिलं."