शेवटच्या अक्षराचा वर्ख

मी सोन्याचा वर्ख बोलतोय. जरा तोंडावर रुमाल धराल का? राग मानू नका. तुम्ही खाली रस्त्यावर, मी वर दारावरच्या पाटीत. तुमचा श्वास माझ्यापर्यंत पोचत नाही हे मला कळतं. पण जित्याची खोड! जन्मल्यापासून मी ज्या एका गोष्टीला भीत आलोय, ती तुम्ही माणसं दिवसभर नाकातोंडातून सोडत असता.

माझा जन्मच मुळी मार खाण्यात झाला. सोन्याचा एवढासा तुकडा चामड्याच्या दोन पानांमध्ये घालून हातोड्याने कुटायचा, पसरला की कापायचा, कापला की पुन्हा कुटायचा. कुटणाऱ्याचा हात दुखला की तो थांबे, मला काय होतंय हे कुणी विचारलं नाही. शेवटी मी इतका पातळ झालो की उजेडासमोर धरलं तर माझ्या आरपार हिरवट दिसायचं. एवढं पातळ होऊन जगायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

मग आम्हा पंचवीस जणांना तांबूस कागदाच्या एका छोट्या वहीत पानापानांत झोपवलं. मी सगळ्यात शेवटचा, पंचविसावा. ती वही पाट्या कोरणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या खणात येऊन पडली. खणाला फट होती आणि फटीतून खिडकीतली काचेची बरणी दिसायची. बरणीत काय होतं म्हणता? फाटलेल्या, चुरगळलेल्या वर्खांचा भुगा. कुणाचा कोपरा, कुणाची कड. ती बरणी पाहिली की मी वहीच्या पानात आणखी आत दडायचो.

म्हातारा मात्र हाताचा पक्का होता. लाकडात अक्षर कोरताना त्याची पटाशी लोण्यात सुरी जावी तशी जाई. अक्षराच्या दोन्ही उतारांवर तो रंग देई, रंग वाळला की संध्याकाळी त्यावर पिवळसर चिकट तेल फिरवी. ते तेल रात्रभर मुरतं. सकाळी बोटाचा सांधा टेकवायचा. बोट भिजलं तर अजून घाई आहे, ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर वेळ झाली. तिथून दुपारपर्यंत ते सोनं धरतं. दुपार टळली की ते सुकतं आणि मग वर राजाचा मुकुट ठेवलात तरी चिकटत नाही.

सोनं लावायच्या दिवशी कारखान्यात दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, बोलणं बंद. आणि इथेच माझं खरं भय होतं. म्हाताऱ्याची सून. गल्लीत तिला सगळे रेडिओ म्हणत, आणि तीही ओ देई. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. लाकूड घासता घासता ती लाकडाशीसुद्धा बोलायची. नऊ वर्षं ती घासायचं आणि रंगाचं काम करत होती. वर्खाला हात लावायची मात्र तिला बंदी. “तू तोंड उघडलंस की माझी पंचवीस पानं छपराला चिकटतील,” म्हातारा म्हणायचा. मी खणातून म्हणायचो, बरोबर आहे, अगदी बरोबर आहे.

एका थंडीत आमची वही बाहेर निघाली. नव्या वाचनालयाची पाटी होती. ‘वाचनालय’, पाच अक्षरं, दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर चढायची. नवी वही यायला आठ दिवस लागणार होते, म्हणजे जे काही करायचं ते आम्हा पंचवीस जणांतच. त्यात म्हाताऱ्याच्या मुलाने बापाला आधीच सांगून ठेवलं होतं, “बाबा, मागच्या दोन पाट्या परत आल्या. ही नीट झाली तर कारखाना चालू ठेवा. नाहीतर ही जागा टायरवाल्याला देऊन टाकू.” म्हाताऱ्याने “बरं” म्हटलं होतं. स्वतःच्या हातावर त्याचा तेवढा विश्वास होता.

वर्ख बोटाने उचलत नाहीत. बोट लागलं की मी बोटालाच चिकटून संपलो. आम्हाला उचलतात खारीच्या केसांच्या चपट्या ब्रशाने. तो ब्रश आधी गालावरून फिरवायचा. गालाचं जे नाममात्र तेल केसांना लागतं, तेवढ्यावर वर्ख उठतो. त्याहून कमी असेल तर उठत नाही, जास्त असेल तर सुटत नाही. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं त्याच गालावर वर्ख उचलले होते.

पण त्या दिवशी तो ब्रश गालावरून फिरवी, वर्खाला टेकवी, आणि वर्ख, वहीतून ज्या चामड्याच्या गादीवर उतरवतात, तिथेच पडून राही. पुन्हा गाल, पुन्हा टेकवणं. तिसऱ्या-चौथ्या टोचणीला वर्ख चुरगळे. पहिली चार अक्षरं कशीबशी झाली, पण बरणीत मात्र माझ्या भावंडांची भर पडत होती. वही पातळ होत चालली. वरचं पान उलटलं की मला वाटे, आता माझी पाळी.

“तू बोलतेस म्हणून होतंय हे!” म्हातारा सुनेवर खेकसला.

ती दारापाशी स्टुलावर बसली होती. तिने तोंडावरचा हात काढला. “बाबा, मी सकाळपासून एक अक्षर बोलले नाही. तुमचा गाल कोरडा पडलाय. वय झालं की पडतो.”

“मला शिकव आता. जा, चहा टाक.”

ती गेली. आणि मग त्याने जे केलं ते मी पाहिलं. पटाश्यांना धार लावायच्या दगडाशेजारी तेलाची बाटली असते. त्याने इकडेतिकडे पाहून त्यातलं दोन थेंब तेल बोटावर घेतलं आणि गालाला चोळलं. आपल्या गालाने दगा दिला हे त्याला सुनेपुढे कबूल करायचं नव्हतं. तेविसावा वर्ख ब्रशाला पटकन उठला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. पण अक्षरावर ठेवायला गेला तर वर्ख ब्रश सोडीना. ओढला तसा तो केसांतच फाटला. चोविसाव्याचंही तेच झालं. शेवटच्या ‘य’चं वळण तेवढं भरलं होतं, उभा दांडा उघडाच राहिला.

माझी तर पाचावर धारण बसली. आता वहीत फक्त मी.

सून चहा घेऊन आली तेव्हा म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं.

“गाल चमकतोय तुमचा,” ती म्हणाली. “लग्नाला निघालात का?”

तो हसला नाही. त्याने ‘य’च्या दांड्यावर बोटाचा सांधा टेकवला. ‘टक्’ आवाज आला, पण अगदी बारीक. “अर्धा तास धरेल फार तर,” तो म्हणाला. “आणि एकच उरलाय. टायरवाल्याला निरोप पाठव.”

“द्या मला.”

“नऊ वर्षांत कधी उचलला आहेस?”

“नऊ वर्षं बघतेय की! डोळे का बाहेर ठेवून येत होते?”

त्याने गालावरचं तेल फडक्याने पुसलं. मग खणातून त्याने एक जुना, निम्मे केस गळालेला ब्रश काढला, कारण चांगला तेलाने वाया गेला होता, आणि तो तिच्यासमोर ठेवला. हातात दिला नाही, समोर ठेवला.

वही उघडली. खणात आल्यापासून जिच्या तोंडाला मी भ्यालो, तिचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. तिने मला गादीवर उतरवलं. माझा मधला भाग फुगला. तो सपाट करायला मधोमध एक हलकी फुंकर घालावी लागते, जोरात बसली तर खेळ खलास. तिने ओठ जवळ आणले. मी मनातल्या मनात बरणीत जाऊन बसलो. फुंकर आली, आणि मी अंथरुणासारखा सपाट झालो. एवढी बारीक फुंकर त्या बाईकडे होती हे गल्लीत कुणी मानलं नसतं.

मग सुरीने तिने माझ्या तीन पट्ट्या केल्या. हो, कापलं मला. दुखलं की नाही आठवत नाही, इतका घाबरलो होतो. सकाळपासूनच्या कामाने तेलकट झालेल्या गालावरून तिने ब्रश फिरवला. पहिली पट्टी उठली आणि बसली. दुसरी बसली. तिसरी पट्टी तिने उचलली, आणि नेमका तेव्हाच म्हाताऱ्याला खोकला आला. त्याने हातातलं फडकं तोंडात कोंबलं. त्याचे डोळे पाण्याने भरले, मान लाल झाली, पण आवाज फुटू दिला नाही. तिसरी पट्टी बसली.

तिने कापसाने मला हळू दाबलं. म्हाताऱ्याने फडकं काढलं, पोटभर खोकून घेतलं, आणि पाटीला नाक लावून दांडा खालपासून वरपर्यंत पाहिला. शाबासकी दिली नाही. मुलगा घरी आल्यावर त्याला एवढंच म्हणाला, “टायरवाल्याला दुसरी जागा बघायला सांग. सूनबाई वर्खाच्या कामाला लागलीय.” ती आत जाऊन रडली, असं ती स्वतःच नंतर सगळ्यांना सांगत होती.

त्याला अकरा वर्षं झाली. म्हातारा चार वर्षांपूर्वी गेला. कारखाना ती चालवते. मी इथे दारावर ऊन, पाऊस, धूळ खात बसलोय आणि माझी कड उडालीय. लाकडाला चीर गेलीय, तिच्यातून पाणी शिरतं. सगळी पाटी खरवडून, चीर बुजवून नवं सोनं लावायचं ठरलंय. खरवडायचं म्हणजे मला संपवायचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्रंदिवस जीव मुठीत धरून बसलोय.

काम तीच करतेय. तीन दिवस झाले. ‘वा’, ‘च’, ‘ना’, ‘ल’ खरवडून झाली. रोज ती शिडी सरकवून माझ्यापाशी येते, हत्यार टेकवते, आणि खाली उतरते. वाचनालयाच्या बाईंना म्हणते, “हे उद्या करते.” काल म्हणाली, “हा दांडा माझा पहिला आहे हो. बाबा बघत होते.” आणि एवढं बोलून तिने हत्यार फडक्यात गुंडाळलं.

मला तिची काळजी वाटते. चीर वाढतेय. आणखी एक पाऊस झाला तर पाणी कोरलेल्या अक्षराच्या पोटात जाईल आणि ‘य’ कायमचा जाईल, म्हाताऱ्याने कोरलेला. माझ्यासारखे वर्ख वहीवहीने मिळतात. ते कोरणं पुन्हा मिळायचं नाही.

तुमच्यापैकी कुणी उद्या सकाळी इथून जाणार असाल, तर शिडीखाली क्षणभर थांबा आणि तिला सांगा, म्हातारा असता तर त्याने पहिल्याच दिवशी खरवडलं असतं. मला भीती वाटतेय, फार वाटतेय, पण ते तिला सांगू नका. तिला म्हणावं, खरवड.