लिफ्ट बंद होती तेव्हा

मी एक जुनी लिफ्ट आहे. मित्रांनो, फुशारकी मारायची मला सवय आहे, हे आधीच कबूल करून टाकते. पण आजची गोष्ट सोळा आणे खरी आहे. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम मी बंद पडून केले.

एका कारखान्यात माझा लोखंडी पिंजरा जोडला गेला, आत शिसवी फळ्या बसल्या, पितळेची बटणे आली. मग मला या पाच मजली छापखान्यात आणले. तळमजल्यावर छपाईची यंत्रे आणि कॅन्टीन, तर पाचव्या मजल्यावर मुद्रितशोधनाची खोली. छापण्याआधी प्रत्येक पान तिथे वाचून त्यातल्या चुका काढतात. जिना माझ्याभोवतीच गोल फिरत वर जातो. एकशे दहा पायऱ्या, आणि आमच्या दोघांत फक्त एक जाळी. मी आल्यापासून त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, आणि खरे सांगते, मला त्याचा फार आनंद होता.

पाचव्या मजल्यावर ताई बसायची. सगळा छापखाना तिला ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणते. वीस वर्षे तिच्या नजरेतून एक चूक सुटली नव्हती. तिला कॉफी लागायची. कॅन्टीनच्या मावशी ट्रे माझ्यात ठेवायच्या, दोन्ही दारे ओढून घ्यायच्या आणि घंटी वाजवायच्या. वर ताई बटण दाबायची. कप एकटाच थाटात पाच मजले चढायचा, आणि मी थेंबही सांडू द्यायचे नाही. ताई म्हणायची, "माझी गुणाची लिफ्ट!" मी शेफारून गेले होते.

दोन कपांचे चार झाले, चारांचे सात. दुपारचे जेवण म्हणजे टेबलावरचा बिस्किटांचा पुडा. संध्याकाळी माझ्यात उभी राहून ती फोनवर बहिणीला सांगायची, "अगं, डोळ्याला डोळा लागत नाही. आणि सकाळी डोकं नुसतं जड." मग सकाळी आल्या आल्या ती पहिला कप मागवायची. मी तत्परतेने न्यायचे. माझेच काही चुकते आहे, हे माझ्या ध्यानीमनीही आले नाही.

मग एका पुस्तकात दोन पानांची उलटापालट झाली आणि ती ताईच्या नजरेतून निसटली. पुढच्या महिन्यात अजून एक चूक. मालक तिला घेऊन माझ्यातच उभे राहिले. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"ताई, तुमच्या भरवशावर मी डोळे मिटून सही करतो. आता हे लहान मुलांच्या औषधांचं पुस्तक आलंय. परिचारिका ते बघून डोस देणार. यात एक जरी चूक सुटली, तर तुम्हाला खाली पुस्तकं बांधायला बसवावं लागेल. मला दुसरा इलाज नाही."

  वर जाऊन ताईने लगेच आठवा कप मागवला.

तो मी पोचवला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे माझ्या मोटरीच्या चाकाचा दाता तुटला आणि मी अधांतरी लटकले. लिफ्टवाला मिस्त्री आला, मान हलवून म्हणाला, "हा भाग आता मिळत नाही. नवा घडवून घ्यावा लागेल. तीन आठवडे धरा."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ताईला माझी सर्वांत जास्त गरज होती, तेव्हाच मी दगा दिला.

वरून ताईने हाक मारली, "मावशी, कॉफी!"

खालून मावशींनी उत्तर दिले, "माझे गुडघे आणि तो जिना, यांचं कधी जमलंय का? हवी तर खाली ये, बाई!"

ताई उतरली, आणि चढताना तिच्या नाकी नऊ आले. माझ्यासमोर थांबून तिने जाळीला लाथ घातली. "मेली लिफ्ट! बंद पडायला हाच मुहूर्त सापडला!" सात कपांसाठी सात वेळा एकशे दहा पायऱ्या कोण चढणार? ती दोनच कपांवर आली. पहिले चार दिवस तिचे डोके ठणकत होते आणि ती ज्याच्या त्याच्या अंगावर ओरडत होती. मी जाळीआडून सगळे शरमेने ऐकत होते.

मावशींनी आणखी एक पेच टाकला. "रिकाम्या पोटी कॉफी मिळणार नाही. आधी बस, जेव." गरम भाजी, उकडलेली अंडी, एखादे फळ. ताई कुरकुरत जेवली. दुसऱ्या दिवशी कमी कुरकुरली. आठव्या दिवशी चढताना ती दम खायला माझ्यापाशी थांबली नाही. दहाव्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "काल पडल्या पडल्या झोप लागली गं!" आणि पुढे तर ती पायऱ्या मोजत, गुणगुणत चढू लागली.

सतराव्या दिवशी औषधांच्या पुस्तकाचे शेवटचे पान खाली गेले. ते लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या हस्तलिखिताशी अक्षर न् अक्षर जुळत होते, त्यांची सही होती, ताईचीही झाली होती. दोन वाजता यंत्र सुरू झाले. ताई जेवून वर येत होती.

"चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, शहात्तर..."

ती माझ्यासमोर थबकली.

"पायरी चढली की आकडा चढतो," ती स्वतःशीच म्हणाली. "मग त्या डोसच्या कोष्टकात पाच किलोच्या बाळाला बारा थेंब आणि दहा किलोच्या मुलाला सहा? वजन चढलं, आणि थेंब उतरले कसे?"

चूक मुळात हस्तलिखितातच होती. दोन ओळी उलट लिहिल्या गेल्या होत्या आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. ताईने माझ्या जाळीला तोंड लावले आणि माझ्याखालच्या रिकाम्या पोकळीत जीव खाऊन ओरडली, "यंत्र थांबवा!"

मित्रांनो, तो आवाज मी खाली पोचवला. पोकळी माझीच ना! साडेतीन मजले तो घुमत गेला आणि यंत्राची धडधड थांबली. फोन जाताच डॉक्टर धावत आले, कोष्टक पाहून मटकन खाली बसले. मालक सगळा जिना चढून पाचव्या मजल्यावर आले. धापा टाकत म्हणाले, "ताई, पुस्तकं बांधायला दुसरं कोणीतरी बघतो. तुम्ही इथून हलायचं नाही." टाळ्या जिनाभर वाजल्या.

चार दिवसांनी मी पुन्हा सुरू झाले. ताईने माझ्या दाराला तेल घातले, लाथेची जागा पुसली आणि जिन्याने वर गेली. आता मी मावशींना नेते, कागदाचे गठ्ठे नेते, पाय दुखणाऱ्या पाहुण्यांना नेते. तेव्हा माझे दार आपटू नका, वेळेवर तेल घाला. कारण ज्याला जिना चढवत नाही, त्याला मी हवीच. बाकीच्यांनी मला खुशाल विसरावे.

माझ्या दारावर ताईने स्वतः लिहिलेली पाटी आहे. येणारे जाणारे ती वाचून हसतात, आणि हसत हसत पायऱ्या चढू लागतात. पाटीवर लिहिले आहे: "लिफ्ट चालू आहे. जिन्याने या."