रॉय टेनंटचे तेरा गुरुवार

पोरसवदा वयापासून अल्बीना ह्रुस्का मुक्या चित्रपटांना पियानोची साथ करायची. पडद्यावर घोडे दौडले की तिची बोटं दौडायची. पुढे चित्रपट बोलू लागले आणि तिचं काम सुटलं, तेव्हा ती महिनाभर रडली होती. नवरा गेल्यावर ती शिकागोतल्या एका नाचाच्या शाळेत वाजवू लागली. १९४९च्या शरदात रॉय टेनंट नावाच्या तरुण गायकाने टेलिव्हिजनवरच्या आपल्या नव्या कार्यक्रमात तिला साथीला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "मी पन्नाशीची बाई. मला कोण बघणार?"

"कुणीच नाही, मिसेस ह्रुस्का. तुम्ही पियानोच्या आड बसणार."

हे सरळ उत्तर तिला आवडलं.

कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी सातला, पंधरा मिनिटांचा. दोन गाणी रॉयची, मधे एक पाहुणा. सगळं थेट, चुकलं ते चुकलं. दिव्यांच्या धगीने भर हिवाळ्यात रॉयच्या तोंडावरचा रंग ओघळायचा.

नवव्या गुरुवारी काठ्यांवर थाळ्या फिरवून दाखवणारा पाहुणा मिलवॉकीच्या रस्त्यावर बर्फात अडकला. त्यात रॉयचा घसा बसलेला. पहिलं गाणं त्याने कागदी बर्फाच्या वर्षावात कसंबसं रेटलं. दुसऱ्याच्या मध्यावर आवाजच गेला. तो हसून वाकला आणि बाजूला झाला. अजून चार मिनिटं उरली होती. कॅमेरावाल्याने गडबडून कॅमेरा फिरवला, तर समोर ओटो लिंडक्विस्ट. मंचावरची सामानसुमानाची कामं करणारा हा धिप्पाड, अबोल गडी पाठमोरा उभा राहून कागदी बर्फ झाडत होता.

अल्बीनाने विचार केला नाही. झाडूच्या फटकाऱ्यागणिक तिने डुलत चालणारी एक धून धरली. ओटो थांबला, पियानो थांबला. त्याने मान वळवली, पियानोने हळूच विचारलं, काय हो? तेव्हा त्याला कॅमेरा चालू असल्याचा लाल दिवा दिसला. दुसरा कुणी पळून गेला असता. ओटो क्षणभर उभा राहिला आणि मग तितक्याच गांभीर्याने पुन्हा झाडू लागला. एक कपटा त्याच्या बुटाला चिकटला होता. तो पाय झटकू लागला, पियानो त्याच्यामागे धावू लागला. शेवटी त्याने कपटा उचलला, टोपीत ठेवला, टोपी डोक्यावर चढवली आणि झाडू खांद्यावर टाकून निघून गेला. घड्याळात सव्वासात.

"माझी नोकरी गेली का?" त्याने आत येऊन विचारलं. दिग्दर्शकाला हसू आवरेना, त्यामुळे उत्तर मिळायला वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात पोतंभर पत्रं आली. झाडणाऱ्या माणसाला पुन्हा आणा, असं लोकांचं म्हणणं. रॉयनेही मनाचा मोठेपणा दाखवला. माझ्या आईनेसुद्धा ओटोचीच चौकशी केलीय, असं सांगून त्याने स्वतःची दोन मिनिटं त्याला देऊन टाकली.

तरी तेराव्या गुरुवारी कार्यक्रम संपला. खर्च उचलणाऱ्या साबणवाल्यांना कुस्त्या दाखवायच्या होत्या. त्या संध्याकाळी अल्बीना आणि ओटो कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात अ‍ॅपल पाय खात बसले. आपल्याला वाईट का वाटत नाहीये, याचं तिला नवल वाटत होतं.

"त्या दिवशी मी काय करणार ते तुम्हाला कसं कळलं?" ओटोने विचारलं.

"कुठे कळलं? तुम्हाला तरी माहीत होतं का?"

"मी आपला झाडत होतो."

ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मग ओटोने चाचरत सांगितलं, की त्याच्या चर्चच्या तळघरात एक पियानो आहे, जरा बेसूर आहे, पण शनिवारी जेवणावळ असते तेव्हा लोक बरेच जमतात.

"किती बेसूर?" तिने विचारलं.

"बराच."

"चालेल," अल्बीना म्हणाली आणि तिने आणखी एक कॉफी मागवली.

त्या वसंतात दोघांनी चर्चच्या अकरा तळघरांत आणि दोन शाळांत कार्यक्रम केले. ज्योलिएटसारख्या जवळच्या गावांना जाताना बसमध्ये ओटो दोघांसाठी हेरिंग माशाची सँडविचेस आणायचा आणि खिडकीची जागा तिला द्यायचा.